कागद नसेल तेव्हा

डोंगरात टॉयलेट पेपर नसेल तर कशाने पुसायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गट घेऊन डोंगरात जायचं ठरलं की आदल्या बैठकीत सगळे दोर, टॉर्च आणि पाऊस यांवर भरभरून बोलतात. बैठक संपली की मात्र कुणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "टॉयलेट पेपर संपला तर? पानं वगैरे चालतात का?"

चालतात. पण माझ्या लेखी पान हा सगळ्यात शेवटचा पर्याय आहे आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात तो नेहमी पहिला असतो.

झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते आपला बचाव पानातच करून ठेवतं. खाजोटी, आग्या या खाजऱ्या झाडांच्या पानांवरचे केस पोकळ असतात, टोकं काचेसारखी ठिसूळ. कातडीला लागताच टोक मोडतं आणि आतला द्रव थेट टोचला जातो. ऑस्ट्रेलियातल्या जिंपी-जिंपी झाडाचा चटका तर काही महिने पुन्हा पुन्हा जागा होऊ शकतो, आणि त्याचं पान दिसायला छान मोठं, मऊसूत, हृदयाच्या आकाराचं असतं. अनोळखी मऊ पान दिसलं की मी दोन पावलं मागे येते ती म्हणूनच.

"आधी हातावर घासून बघायचं" हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. खाजऱ्या केसांपुरता तो ठीक आहे, चटका लगेच कळतो. पॉयझन आयव्हीसारख्या वनस्पतींपुढे मात्र तो साफ निरुपयोगी. बिब्ब्याच्या कुळातल्या या झाडांमध्ये उरुशिऑल नावाचं तेल असतं आणि त्याची पुरळ बहुधा एकदोन दिवसांनी उठते. हात स्वच्छ दिसतो, तुम्ही निर्धास्त होता, आणि तिसऱ्या दिवशी बसता येत नाही. तेव्हा पानाची खरी परीक्षा म्हणजे ओळख. झाडाचं नाव सांगता येत असेल तरच पान तोडा. चीक निघाला, पानावर लव दिसली किंवा कडा करवती असल्या तर नाव माहीत असूनही सोडून द्या.

नावाजलेली पानं आहेतच. म्युलिन नावाच्या झाडाच्या जाड, लोकरीसारख्या पानांना अमेरिकेत 'काउबॉय टॉयलेट पेपर' म्हणतात, पण तीच लव नाजूक कातडीला झोंबू शकते. केनियात प्लेक्ट्रँथस बार्बाटस या झाडाची पानं यासाठी वापरतात. ते तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, पान मऊ आणि वासालाही बरं. पण अशी झाडं हवी तिथे, हव्या त्या क्षणी समोर उभी राहत नाहीत. वाळलेलं पान तर घेऊच नका. ऐन वेळी त्याचा चुरा होतो आणि बोट आरपार जातं, यापेक्षा जास्त वर्णन करत नाही. गवताच्या पात्यात सिलिका असते, ती कापते. फारच वेळ आली तर मुठीएवढी जुडी घेऊन मधोमध दुमडायची आणि दुमडलेली बाजू वापरायची.

मग पहिला पर्याय कुठला? दगड. लोक हसतात. पण पाण्याने किंवा लाटांनी घासून गुळगुळीत झालेला, अंगठ्याच्या दीडपट लांबीचा, चपटा दगड एकदा वापरून बघा. त्याला केस नाहीत, चीक नाही, तो फाटत नाही, आणि उन्हात पडलेला असला तर कोमटही असतो. (उन्हाळ्यातल्या दुपारी आधी हाताने चाचपून घ्या!) प्राचीन ग्रीकांकडे तीन दगड पुरतात अशा अर्थाची म्हण होती. मी चारपाच जमवून ठेवते. खडबडीत दगड नको आणि भुसभुशीत तर मुळीच नको, त्याची रेती मागे राहते. दगड आधी गोळा करायचे, बसल्यावर शोधायचे नाहीत.

बर्फात असाल तर बर्फ उत्तमच. भुरभुरीत ताजा बर्फ मुठीत टिकत नाही. जरा जुना, दाणेदार घ्या आणि दाबून लांबट गोळा करा. तो पुसतोही आणि धुतोही. गार लागतं, पण क्षणभरच. बोटं मात्र लगेच हातमोज्यात घाला. शेवाळाबद्दलही विचारतात. स्फॅग्नम शेवाळ आपल्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं, पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायलाही ते वापरलं गेलं. मऊपणात त्याला तोड नाही, तरी मी ते उपटत नाही. फार सावकाश वाढतं ते. आपल्या दोन मिनिटांच्या सोयीसाठी पडलेलं भगदाड भरायला वर्षं जातात. साल निघालेली गुळगुळीत काडी चालते. पाइनचं बंद, जुनं फळही चालतं, फक्त खवले ज्या दिशेला आडवे होतात त्याच दिशेने ओढायचं. उलट ओढलंत तर सांगायला मी नको.

काडी असो वा दगड, एकदाच वापरायचा. चीनमध्ये रेशीम मार्गावरच्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या एका मुक्कामाच्या ठिकाणी, शौचकूपात, कापड गुंडाळलेल्या पुसायच्या काड्या सापडल्या. 2016 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कापडावर अजून विष्ठा होती आणि तिच्यात यकृतातल्या एका परजीवी कृमीची अंडी. हा कृमी पाणथळ प्रदेशातला, आणि मुक्काम कोरड्या वाळवंटाच्या कडेला. म्हणजे कुणा प्रवाशाने तो शेकडो किलोमीटर पोटातून आणला होता.

यातलं काहीही वापरलं तरी पूर्ण स्वच्छ होत नाही, हे मान्य करून पुढे जाऊ. वरवरचं काम दगडाने उरकायचं आणि शेवटचं पाण्याने. पाणीही नैसर्गिकच आहे की! एरवी अर्धा लिटर लागतं, आधी दगड वापरला तर पेलाभर पुरतं. छोट्या बाटलीच्या झाकणाला सुईने तीनचार भोकं पाडून ठेवा. बाटली दाबली की धार नेमकी येते आणि पाणी वाया जात नाही. या बाटलीवर ठळक खूण करा, म्हणजे तहानलेला कुणी ती तोंडाला लावणार नाही. बायकांनी पुढून मागेच धुवायचं आणि पुसायचं, उलट नाही, नाहीतर मूत्रमार्गाला संसर्ग होऊ शकतो. नुसतं लघवीला गेल्यावर पुसायला मी सुती फडकं ठेवते. सॅकच्या बाहेर अडकवून उन्हात वाळवते आणि मुक्कामी धुते. पाळीच्या वेळी मात्र पान-शेवाळाचे प्रयोग नकोत. लागेल ते सोबत न्या आणि वापरलेलं सोबतच परत आणा.

खड्डा सगळ्यांना माहीत असतो, खणतात मात्र उथळ. 15 ते 20 सेंटीमीटर हवा, आणि ओढ्या-तळ्यापासून किमान 60 मीटर लांब. वापरलेली पानं, काड्या, दगड सगळं त्याच खड्ड्यात. बर्फात पुरलेलं पुरलं जात नाही, बर्फ वितळला की जसंच्या तसं वर येतं. एव्हरेस्टवर 2024 पासून गिर्यारोहकांना आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणायची सक्ती झाली, ती उगाच नाही. ओले वाइप्स वापरलेत तर तेही परत आणा, त्यांतल्या बऱ्याच जातींत प्लास्टिकचे धागे असतात. कागद जाळून टाकायची हुशारी कोरड्या रानात करू नका.

मग हात. सॅनिटायझरवर सगळी भिस्त ठेवू नका. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर तो फारसा चालत नाही. साबण आणि पाणीच हवं, तेही ओढ्यात हात बुडवून नाही, काठापासून लांब येऊन. आणि साबण कुणाच्या सॅकमध्ये, कुठल्या कप्प्यात आहे ते निघण्याआधी ठरवा. तशा हातांनी दुसऱ्यांच्या सॅका उचकायच्या नसतात.