गेरू घरी आला: टिन्ली पार्कच्या सर्पमेळ्यातली खरेदी

माझं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. नागपंचमी जवळ आली की आजोबा रानात फिरून नाग पकडायचे, मडक्यात ठेवायचे, तोंडावर फडकं बांधायचे आणि सण झाला की ज्या बांधावरून आणला त्याच बांधावर नेऊन सोडायचे. माजघरात रात्री मडक्यातून येणारा तो फूत्कार मला अजून ऐकू येतो. पुढे न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या, आणि ते योग्यच झालं. रानातलं जनावर रानात राहावं. पण सापाबद्दलची ओढ काही आदेशाने थांबत नाही.

आता आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. अकरा वर्षांच्या मुलाने साप पाळायचा हट्ट धरला तेव्हा घरात मी म्हणायचे, ‘त्याचा हट्ट आहे.’ खरं म्हणजे निमित्त त्याचं होतं, हट्ट माझा होता. नवऱ्याने दोन अटी घातल्या. साप बिनविषारी हवा आणि पेटीचं झाकण घट्ट बसायला हवं. पहिली अट कायदाच पुरी करतो, कारण इलिनॉयमध्ये विषारी साप हौसेखातर पाळता येत नाहीत. बर्मी अजगर, जाळीदार अजगर, अ‍ॅनाकोंडा अशा मोठ्यांसाठीही वेगळे नियम आहेत. दुसऱ्या अटीचं महत्त्व मला नंतर कळलं. करंगळीहून बारीक पिल्लू पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून बाहेर पडतं.

आम्ही कॉर्न स्नेक ठरवला. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप रॅट स्नेकच्या कुळातला, आपल्याकडच्या तस्कर सापाचा लांबचा भाऊ. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी चौकटीची नक्षी असते. साधारण चार-पाच फुटांपर्यंत वाढतो, स्वभावाने शांत असतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. हा आकडा मी मुलाला कागदावर लिहून दाखवला. तू कॉलेजातून बाहेर पडशील तेव्हाही हा असेल, आणि तू वसतिगृहात गेलास की त्याला जेवू घालणारी मीच असेन. तो ‘हो’ म्हणाला. मीही मनातल्या मनात ‘हो’ म्हणाले.

एक गोष्ट मला सुरुवातीलाच पटली. जॉर्जिया राज्यात हा साप रानात सापडतो, म्हणून तिथे तो घरात ठेवायला बंदी आहे. म्हणजे आपल्याकडे धामण किंवा तस्कर घरात ठेवणं जसा गुन्हा, तसंच. त्यामुळे मला रानातून पकडलेला नको होता. पिंजऱ्यातल्या आईबापांपोटी अंड्यातून निघालेलाच हवा होता, आणि तशी खात्री विचारून घ्यायची जागा म्हणजे टिन्ली पार्क. शिकागोच्या दक्षिणेकडच्या या गावात कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये, नॉर्थ अमेरिकन रेप्टाइल ब्रीडर्स कॉन्फरन्सचा, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पैदासकारांचा, मेळा भरतो. लोक त्याला नुसतं ‘टिन्ली’ म्हणतात. ऑक्टोबर आम्हाला सोयीचा होता, कारण उन्हाळ्यात अंड्यातून निघालेली पिल्लं तोवर चार-सहा वेळा जेवलेली असतात.

मेळ्याला जाण्याआधी दोन आठवडे पेटी तयार होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बहुतेकांची घाई इथेच होते. पिल्लाला सुरुवातीला लहानच जागा लागते, मोठ्या पेटीत ते बिथरतं. एका टोकाला खाली गरम पट्टी, तिला थर्मोस्टॅट, त्या बाजूला तीस-एकतीस अंश आणि दुसऱ्या टोकाला चोवीसच्या आसपास. दोन्हीकडे लपायला एकेक खोपटं हवंच, म्हणजे ऊब आणि सुरक्षितता यांत त्याला निवड करावी लागत नाही. पाण्याचं भांडं. खाली अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा. देवदाराचा चालत नाही, त्यातल्या तेलाने सापाला इजा होते. आठवडाभर आम्ही रिकाम्या पेटीचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिलं. साप मला साठ डॉलरला मिळाला, त्याच्या घराला त्याच्या तिप्पट लागले.

आणखी एक तयारी आमच्या घरची होती. माझी आई माळकरी आहे आणि दरवर्षी चार महिने आमच्याकडे असते. गोठवलेली उंदराची पिल्लं तिच्या भाजीशेजारी ठेवणं मला शक्य नव्हतं, कुणी न सांगताही. म्हणून गॅरेजमध्ये एक छोटा वेगळा फ्रीझर घेतला. चिमटा, भांडं, फडकं सगळं तिथेच. ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी याचा विचार साप आणण्याआधी करावा.

शनिवारी सकाळी दारं उघडायच्या आधीच लांबलचक रांग होती. आत गेल्यावर क्षणभर मला काहीच सुचेना. मोठ्या दालनात टेबलांच्या रांगा आणि प्रत्येक टेबलावर झाकणाला भोकं पाडलेले पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे, आपण श्रीखंड आणतो तेवढे. प्रत्येकात वेटोळं घातलेलं एकेक पिल्लू, झाकणावर चिठ्ठी. चिठ्ठीवरची भाषा शिकून जावी. १.० म्हणजे एक नर, ०.१ म्हणजे एक मादी, ०.०.१ म्हणजे नर की मादी ते अजून पाहिलेलं नाही. ‘हेट’ लिहिलं असेल तर तो रंग सापाच्या अंगावर दिसत नाही पण रक्तात आहे, पुढच्या पिढीत उतरू शकतो. ‘अमेल’ म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेला, ‘अ‍ॅनेरी’ म्हणजे लाल नसलेला, आणि दोन्ही नसले की होतो तो ‘स्नो’, गुलाबीसर पांढरा.

ठरवलं होतं की पहिला तास पाकीट उघडायचं नाही, फक्त बघायचं. हा नियम नसता तर आम्ही चुकलो असतो. मुलगा एका बॉल पायथनपाशी थबकला. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. याच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या, फार देखणा. विक्रेत्याने तो हातात घेतला तेव्हा त्याचं डोकं हलकंसं डुगडुगत होतं, हवेत एका जागी ठरत नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘दमलाय, बाकी काही नाही.’ पण हा ‘स्पायडर’ नावाचा नक्षीप्रकार होता. त्या नक्षीच्या जनुकासोबतच तोल बिघडवणारा दोष येतो, हे मी वाचलेलं होतं. कुणात कमी, कुणात इतका की भक्ष्यावर नेम धरता येत नाही. नक्षीसाठी मुद्दाम असा जीव जन्माला घालणं मला पटत नाही, आणि विचारल्यावर ते लपवणं तर मुळीच नाही. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचे डोळे भरले. ‘मग याला कोण घेणार?’ असं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी ज्या बाईंकडे थांबलो त्या फक्त कॉर्न स्नेकच आणतात. टेबलावर एक जाडजूड वही होती. मी विचारण्याआधी त्यांनीच आम्हाला विचारलं, पेटी तयार आहे का, थर्मोस्टॅट लावलाय का, घरी किती वेळ लागेल. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. मग माझे प्रश्न: अंड्यातून कधी निघाला, किती वेळा जेवला, जिवंत खातो की गोठवलेलं, शेवटचं कधी खाल्लं, कात नीट एकसंध टाकतो का. प्रत्येकाचं उत्तर वहीत तारखेसह होतं. हाताला जंतुनाशक लावून त्यांनी पिल्लू मुलाच्या तळहातावर ठेवलं. मी एकेक गोष्ट पाहत गेले: डोळे स्वच्छ, तोंड मिटलेलं, श्वासाला घरघर नाही, कातडी सैल किंवा सुरकुतलेली नाही, हनुवटीखाली आणि खवल्यांच्या कडेला काळे ठिपके नाहीत. ते ठिपके म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे, एका सापावरून साऱ्या घरभर पसरतात. पिल्लू मुलाच्या बोटांमधून सावकाश जिभेने चाचपत पुढे सरकलं. केशरी अंग, त्यावर लाल पट्टे, लाल डोळे. अमेल, १.०, वजन आठ ग्रॅम. मुलगा म्हणाला, ‘आई, हा गेरूसारखा आहे.’ दिवाळीत आम्ही कुंडीला गेरू लावतो, त्यावरून. नाव तिथेच पडलं.

बाहेर पडताना एका टेबलावर मांडूळ दिसलं. आपलंच मांडूळ, दुतोंड्या, तपकिरी, शेपूट बोथट. पिंजऱ्यातल्या पैदाशीचं होतं, चिठ्ठीवर किंमत होती आणि ती काही फार नव्हती. पैशांचा पाऊस पडेल, गुप्तधन सापडेल या भ्रमापायी आपल्याकडे या गरीब जनावराची लाखांच्या भावाने तस्करी होते. पकडलेल्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतेय. मी तिथे बराच वेळ उभी होते. ते शांतपणे भुशात डोकं खुपसून बसलं होतं.

गाडीत आधीच ऊब करून ठेवली होती. डबा कापडी पिशवीत, पिशवी मुलाच्या मांडीवर. घरी आल्यावर गेरूला पेटीत सोडलं आणि सात दिवस त्याला कुणी हात लावला नाही. हात धुण्याचा नियम मात्र पहिल्या मिनिटापासून. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. चार इंचांहून लहान कासवं विकायला अमेरिकेत १९७५ पासून बंदी आली ती याचसाठी, मुलं ती तोंडात घालायची.

आठव्या दिवशी गुलाबी उंदराचं पिल्लू गरम पाण्यात पिशवीतून वितळवून चिमट्याने पुढे धरलं. गेरूने तोंड फिरवलं. पाच दिवसांनी पुन्हा तेच. माझी झोप उडाली. आठ ग्रॅमच्या जिवात साठा तो किती असणार? बाईंना निरोप पाठवला. त्यांनी लिहिलं, लहान भोकाच्या डब्यात त्याला आणि उंदराला एकत्र ठेवा, डबा पेटीच्या उबेच्या बाजूला ठेवा, वर फडकं टाका आणि सकाळपर्यंत उघडू नका. डब्यावर फडकं टाकताना मला आजोबांचे हात दिसले. पहाटे पाचला उठून पाहिलं. उंदीर नव्हता. गेरूच्या पोटात मधोमध एक गोळा होता आणि तो वेटोळं घालून निवांत पडला होता. मी मुलाला उठवलं. आम्ही दोघं अंधारात जमिनीवर बसून त्याला पाहत राहिलो. त्यानंतर आजवर त्याने जेवण नाकारलेलं नाही, कातीच्या दिवसांखेरीज. जेवल्यावर दोन दिवस त्याला हातात घेत नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर टाकतो.

मार्चमध्ये पुन्हा टिन्लीला गेलो. या वेळी माझ्यासाठी. मांडुळाच्याच कुळातली केनियन सँड बोआ घेतली, ०.१, एका पैदासकाराकडून. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि दिवसभर भुशात गाडून घेऊन फक्त डोळे वर ठेवते. आपलं मांडूळ घेतलं नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. त्याच्यावर किंमत लिहिलेली पाहिल्यावर मन झालं नाही. तिला तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवलं, चिमटा वेगळा, भांडं वेगळं, आधी गेरूचं काम आणि मग तिचं. दोन साप एका पेटीत तर कधीच ठेवू नयेत.

आईला सगळं फोनवर सांगितलं होतं. तिकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. ती म्हणाली होती, ‘घरात लांबडं ठिवून झोप कशी लागती गं तुला?’ मे महिन्यात ती आली तेव्हा दोन दिवस त्या खोलीच्या उंबऱ्याशीच उभी राहायची. तिसऱ्या दिवशी आत येऊन खुर्चीवर बसली. दूध कधी देता, असं तिने विचारलं. साप दूध पीत नाही, नुसतं पाणी, असं मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘तुझा आजा बी हेच सांगायचा. बायका ऐकायच्या न्हाईत.’

आता ती परत गावी आहे. दर सोमवारी फोनवर विचारते, ‘लांबडं जेवलं का?’ मुलगा वजन सांगतो. परवा त्याने सांगितलं की गेरूचे डोळे दुधाळ झालेत, रंग उतरलाय, कात टाकायला आलाय म्हणून जेवत नाही.

‘मग त्याला हात लावू नगा,’ ती म्हणाली. ‘दिसत नसतंय त्याला आता.’