औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात भंगाराची जागा

नाशिक परिसरात लहान उद्योगांसाठी गाळे आणि शेड उभारून ते विकण्याचा व भाड्याने देण्याचा माझा व्यवसाय आहे. अलीकडे उद्योजकांच्या जवळजवळ प्रत्येक मेळाव्यात चक्रीय अर्थव्यवस्थेवर, म्हणजे टाकाऊ माल फेकून न देता पुन्हा वापरात आणण्यावर, एखादे तरी भाषण असते. त्यात सगळा उपदेश माल बनवणाऱ्यांना केलेला असतो. जमीन विकसित करणाऱ्याने रस्ते, पाणी आणि वीज दिली की त्याचे काम संपले, असे गृहीत धरले जाते. मला हे मान्य नाही. एका कारखान्यातून निघालेला टाकाऊ माल दुसऱ्याच्या उपयोगी पडणार की नाही, हे बऱ्याच अंशी वसाहतीचा नकाशा आखला जातो तेव्हाच ठरून जाते, आणि तो नकाशा आम्ही आखतो.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार नाशिककरांना सांगायला नको. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात तो हटवला. पुढे तो हळूहळू पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा कारवाई झाली. आजूबाजूच्या रहिवाशांची तक्रार रास्त होती. वस्तीलगत तेलकट पिंपे, प्लास्टिक आणि लाकूड उघड्यावर रचून ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रणच होते. तरीही इतक्या कारवायांनंतर हा बाजार त्याच पट्ट्यात का परत येत राहिला, हा प्रश्न आमच्या व्यवसायातील माणसाने स्वतःला विचारायला हवा. एका बाजूला सातपूर, दुसऱ्या बाजूला अंबड, आणि दोन्हीकडच्या यंत्रशाळांतून रोज निघणारे लोखंड, अॅल्युमिनियम, पुठ्ठा, लाकडी पेट्या आणि पिंपे. या मालाला उतरायला, वेगळे व्हायला आणि पुढे जायला कुठेतरी जागा लागणारच होती. औद्योगिक वसाहतींचे नकाशे आखताना अग्निशमन केंद्राला, बँकेला, उपाहारगृहाला जागा ठेवली जाते. भंगाराच्या व्यवसायाला मात्र ती ठेवली जात नाही. मग तो व्यवसाय स्वतःची जागा स्वतः शोधतो.

या व्यवसायातील कसब जवळून पाहण्यासारखे असते. आमच्या गाळेधारकांचा माल उचलणारे एक व्यापारी टर्निंगच्या, म्हणजे यंत्रावर धातू कापताना निघालेल्या कातणाच्या, ढिगासमोर उभे राहतात, खिशातून छोटे लोहचुंबक काढतात आणि मूठभर कातणावरून फिरवतात. चिकटले ते साधे पोलाद. न चिकटणारी चमकदार वेटोळी बहुधा ३०४ जातीच्या स्टेनलेसची. मग ते एवढेच म्हणतात, “साहेब, एसएसमध्ये एमएस मिसळलं की भाव एमएसचाच.” एसएस म्हणजे स्टेनलेस, एमएस म्हणजे साधे पोलाद. (स्टेनलेसच्या काही जाती चुंबकाला चिकटतात, तिथे मात्र त्यांची नजर आणि ठिणगीची परीक्षा कामाला येते.) त्या एका वाक्यात वर्गीकरणाचे सगळे अर्थशास्त्र आहे. धातू यंत्राजवळच वेगळा ठेवला तर त्याची किंमत टिकते. एकदा मिसळला की ती परत आणायला खर्च येतो आणि पुष्कळदा ती परत येतच नाही. म्हणूनच आता आम्ही प्रत्येक शेडच्या मागच्या भिंतीलगत छपराखाली, पक्क्या आणि उताराच्या फरशीवर चार स्वतंत्र कप्पे बांधून देतो. खर्च किरकोळ आहे. पावसाचे पाणी आत येत नाही आणि कातणातून निथळणारे कूलंट (कापताना धातू थंड ठेवणारा द्रव) गटारात न जाता एका खड्ड्यात जमा होते.

त्या कूलंटविषयी थोडे अधिक लिहायला हवे. ओले, भुसभुशीत कातण ट्रकमध्ये जागा फार खाते, भट्टीत त्याचा बराचसा भाग जळून जातो आणि साहजिकच त्याला भाव कमी मिळतो. तेच दाबयंत्रात घालून त्याच्या घट्ट वड्या केल्या तर दाबातून निघालेले कूलंट गाळून पुन्हा वापरता येते आणि वितळवताना होणारी घटही कमी होते. मात्र चार सीएनसी (संगणकावर चालणारी) यंत्रे असलेल्या माणसाला असे दाबयंत्र परवडत नाही. वसाहतीतील वीस-पंचवीस जणांना मिळून ते परवडते, आणि सगळ्यांना एकत्र आणू शकेल असा तिथे एकच माणूस असतो, तो म्हणजे वसाहत उभारणारा. अॅल्युमिनियमच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच मोलाचा आहे, कारण खनिजापासून नवे अॅल्युमिनियम तयार करायला जी ऊर्जा लागते तिच्या साधारण पाच टक्के ऊर्जेत भंगारातून तोच धातू पुन्हा मिळतो.

अशा देवाणघेवाणीचे जगभर दिले जाणारे उदाहरण डेन्मार्कमधील कालुंडबोर्गचे आहे. तिथे १९७२ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यातील जादा वायू शेजारच्या प्लास्टरबोर्ड कारखान्याला मिळू लागला. पुढे वीजकेंद्राची वाफ शेजाऱ्यांकडे गेली आणि धूर शुद्ध करताना तयार होणारे जिप्समही त्याच प्लास्टरबोर्ड कारखान्याच्या कामी आले. हे कोणी एका बैठकीत ठरवले नव्हते. कारखाने जवळ होते, व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते आणि प्रत्येक व्यवहार दोघांनाही फायद्याचा होता. यातले जवळ असणे तेवढे आमच्या हातात असते. फौंड्रीची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची) वापरून झालेली काळी वाळू पेव्हर ब्लॉक करणाऱ्याला चालू शकते, पण ती पन्नास किलोमीटर वाहून न्यायची म्हटले की भाडे वाळूच्या किमतीपेक्षा जास्त होते. दोघांना एकाच वसाहतीत प्लॉट मिळाला तर हिशेब बदलतो.

आता इमारतीकडे वळतो. एकलहरे औष्णिक वीज केंद्राची राख नाशिकच्या बांधकामाला परकी नाही. राखेच्या विटा इथे सहज मिळतात आणि पीपीसी या राखमिश्रित सिमेंटमध्ये मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असतेच. जुन्या काँक्रीटच्या राबिटाबद्दल (राडारोड्याबद्दल) मात्र अजूनही उगाच भीती आहे. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या (एम-नंतरचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या, कमी सिमेंटच्या (लीन) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के वापरता येते. फूटिंगखालचे (खांबाच्या पायाखालचे) पीसीसी म्हणजे बिनसळईचे काँक्रीट, अंतर्गत रस्त्यांचा पाया, कंपाउंडच्या कडेचा भराव अशी किती तरी कामे या मर्यादेत बसतात. जुनी शेड पाडली की राबीट डंपरने ओढ्याच्या काठी टाकायचे आणि नवी खडी डोंगर फोडून आणायची, ही पद्धत मला आता सहन होत नाही. बांधकामाच्या राडारोड्याविषयीचे नवे नियम २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवण्यात आली आहे; मोठ्या प्रकल्पांना त्यांनुसार या मालाचा हिशेब द्यावा लागेल.

त्याहूनही चांगली गोष्ट म्हणजे पाडावीच लागू नये अशी इमारत बांधणे. बोल्टने जोडलेली पोलादी शेड नटबोल्ट काढून उतरवता येते; कॉलम आणि छपराचे राफ्टर व पर्लिन (तुळया) दुसऱ्या जागी पुन्हा उभे राहतात. मात्र त्यासाठी जोडांची रेखाचित्रे आणि प्रत्येक भागावरचा क्रमांक जपून ठेवावा लागतो, आणि नेमके हेच कोणी करत नाही. वीस वर्षांनी तो सांगाडा कोणत्या भारासाठी बनवला होता हे कोणालाच सांगता आले नाही, तर चांगले पोलादही किलोच्या भावाने कापून विकले जाते. आम्ही आता ही कागदपत्रे ताबापत्राबरोबर देतो आणि एक प्रत कार्यालयात ठेवतो.

सगळेच पदार्थ चक्रात ठेवावेत असे मात्र माझे मुळीच म्हणणे नाही. जुन्या शेडचे अॅस्बेस्टॉसचे पत्रे शेतातल्या गोठ्यावर चढवले जातात; त्यांचे तंतू फुप्फुसात जातात आणि हा पुनर्वापर थांबायलाच हवा. प्लेटिंगचा (धातूवर मुलामा देताना उरणारा) गाळही वीटभट्टीत मिसळण्याची वस्तू नव्हे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील नवव्या नियमानुसार एका उद्योगाचा असा कचरा दुसऱ्याला कच्चा माल म्हणून देता येतो, परंतु त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि ठरलेली कार्यपद्धती लागते. ती वाट लांबची असली तरी योग्य आहे. जे कोणाच्याच कामाचे नाही ते रांजणगावसारख्या सामायिक विल्हेवाट केंद्रातच गेले पाहिजे.

पाण्याबद्दल थोडक्यात. इगतपुरीत धो धो पाऊस आणि सिन्नरच्या पूर्व भागात टँकर, असा आपला जिल्हा आहे. ५,००० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ३० लाख लिटर पाणी होते. गळती आणि बाष्पीभवन वजा केले तरी स्वच्छतागृहे आणि बाग यांसाठी त्याचा मोठा आधार होतो. छपराचे पाणी आणि सांडपाणी यांच्या नळ्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या टाकल्या तरच हे स्वस्तात जमते.

राहतो प्रश्न पैशाचा, आणि तो टाळून चालणार नाही. शेड विकून मोकळा होणारा विकसक या सगळ्यात फारसे लक्ष घालणार नाही, कारण ताबा दिल्यानंतर त्या इमारतीशी त्याचा संबंध उरत नाही. शेड भाड्याने देणाऱ्याचे तसे नसते. इमारत त्याचीच राहते, बोल्ट गंजला तर तोटा त्याचा आणि सांगाडा पुन्हा वापरता आला तर फायदाही त्याचाच. म्हणून आम्ही विक्रीचे प्रमाण कमी करून भाडेकराराकडे वळत आहोत. करारात टाकाऊ मालाची नोंदवही ठेवण्याची अट आहे: काय निघाले, किती निघाले, कोणाला दिले. सुरुवातीला गाळेधारक कुरकुरतात. पण वर्षभराच्या नोंदी एकत्र मांडल्या की कोणाच्या पेट्या कोणाला चालतील आणि दाबयंत्राला पुरेल एवढे कातण वसाहतीत निघते की नाही, याचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही.

पुढच्या वसाहतीच्या नकाशात मागच्या फाटकाजवळचे दोन प्लॉट आम्ही भंगार व्यापाऱ्यांसाठी राखले आहेत. तिथे वजनकाटा, आगीसाठी पाण्याची टाकी, पक्की फरशी आणि उंच कुंपण असेल. परवाने नसलेल्याला प्रवेश नसेल. तेच प्लॉट इतर उद्योजकांना अधिक भावाने गेले असते, हे भागीदारांनी मला सांगितले आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे. तरीही नकाशा तसाच मंजुरीसाठी दिला आहे.