अकरा ओळी

परवा रात्री कंपायलर कोसळला. माझा प्रोग्रॅम नव्हे, तो यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर. हा फरक घरात कुणाला पटवून देता येत नाही.

इतकी वर्षं सी या भाषेत प्रोग्रॅम लिहिले, त्यामुळे बिनसलं की चूक आपलीच, हे अंगवळणी पडलंय. (तेही सोळा आणे खरं नाही. २०११ साली यूटा विद्यापीठातल्या मंडळींनी सीस्मिथ नावाच्या आपल्या साधनावर निबंध प्रसिद्ध केला. त्याने आपोआप रचलेले प्रोग्रॅम मुरलेल्या सी कंपायलरांना भरवले, तर तोवर कुणाला ठाऊक नसलेल्या ३२५हून जास्त चुका निघाल्या.) सध्या ज्या नव्या भाषेत लिहितोय, ती तर अजून १.०लाही, म्हणजे पहिल्या पक्क्या आवृत्तीलाही, पोचलेली नाही. तरी पहिला अर्धा तास स्वतःवर संशय घेण्यातच गेला. मग लक्षात आलं की चूक कंपायलरचीच, आणि कबूल करतो, जरा आनंदच झाला.

पण कंपायलर करणाऱ्यांकडे तक्रार करायची तर माझ्या प्रोग्रॅमच्या चार हजार ओळी कोण वाचणार? अर्ध्या उडवायच्या, चालवून बघायचं. तरी कोसळतोय? उरलेल्यातल्या अर्ध्या उडवायच्या. कोसळायचा थांबला, तर उडवलेल्या परत आणायच्या आणि दुसऱ्या अर्ध्यावर हात चालवायचा.

बाबांनी पित्तावर हेच केलं होतं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी पोहे-जिलबी बाहेरूनच येतात. एका रविवारी जिलबी बंद, पुढच्या रविवारी शेव बंद. जिरावणाला, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याला, मात्र हात लावू देईनात.

"त्याच्याशिवाय पोहे खायचे कशाला?"

आई म्हणाली, "म्हणजे दोष कुणाचा ते माहीत आहे तुम्हाला."

माझंही तेच. एक जेनेरिक स्ट्रक्चर, म्हणजे कुठल्याही प्रकारच्या माहितीला चालेल असा साचा, मी फार हुशारीने लिहिलं होतं, स्वतःच्याच टाइपवर बेतलेलं, आपल्याच व्याख्येत आपलंच नाव घेणारं. दोन वाजेपर्यंत त्याच्या आजूबाजूचं सगळं छाटलं, ते सोडून. शेवटी तेच उरलं. ग्राहक, बिल, थकबाकी ही नावं जाऊन अ, ब, क झाली. अकरा ओळी. वर आवृत्तीचा आकडा, ऑपरेटिंग सिस्टीम, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पाठवून झोपलो.

सकाळी उत्तर होतं, अगदी सौजन्याने: ही चूक आधीच नोंदली गेली आहे, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल. सोबत त्या आधीच्या नोंदीचा दुवा.

कुणीतरी तीच चूक सात ओळींत दाखवली होती.

आज रविवार. पोहे येऊन गार झाले, बाबांनी माझ्या वाटणीचं जिरावणही संपवलं. मी अजून त्या चार ओळी शोधतोय.