एकच बोर्ड न्यायचा तर कोणता? केप टाउनची खाडी, लाटा आणि बारा दिवस

केप टाउनला काइटसाठी, म्हणजे पायाखाली बोर्ड आणि वर ओढणारा मोठा पतंग घेऊन पाण्यावर घसरण्यासाठी, जायचं पक्कं झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला: बोर्ड कोणता न्यायचा? काही दिवस लँगेबानच्या खाडीत सपाट पाण्यावर मनसोक्त फिरायचं होतं, बाकीचे ब्लूबर्गच्या लाटांवर काढायचे होते. दोन्हीकडे रंगत यावी असा एकच बोर्ड असतो का, हे मला स्वतः पाहायचं होतं. म्हणून या खेपेला ओझं सहन करून तीन बोर्ड नेले. एक माझा नेहमीचा ट्विन-टिप, म्हणजे दोन्ही टोकं सारखी असलेला, १३६ बाय ४१ सेंमीचा. दुसरा ५ फूट ८ इंचांचा, निमुळत्या नाकाचा सर्फबोर्ड. तिसरा मैत्रिणीकडून मागून आणलेला ५ फूट २ इंचांचा आखूड डायरेक्शनल (सर्फबोर्डासारखा, नाक पुढे ठेवून एकाच दिशेने चालणारा), बोथट नाकाचा आणि कमरेत चांगला रुंद. माझं वजन ६४ किलो, सोबतच्या मित्राचं ८२. खालचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा, कारण बोर्डाच्या बाबतीत वजन सोडून बोलण्यात काही अर्थ नसतो.

आधी वाऱ्याबद्दल. नोव्हेंबर ते मार्च इथे आग्नेयेचा वारा वाहतो, त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावरून पांढरा ढग चादरीसारखा खाली ओघळताना दिसला की आग्नेयेने जोर धरला असं समजायचं. सकाळी बेताचा असणारा वारा दुपारनंतर ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किमी) वरही जातो. मी बहुतेक दिवस ७ चौरस मीटरचा काइट उडवला, दोनदा ५ चा काढावा लागला, आणि १० चा फक्त खाडीत सकाळी कामाला आला. मित्राचे हेच आकडे ९, ७ आणि १२ होते. वारा आणि पाणी यांचं इथलं नातं आधी माहीत असलेलं बरं. हाच वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, भरपूर वाऱ्याच्या दिवशी, समुद्र उलट जास्त थंड होतो. ४/३ मिमी जाडीचा वेटसूट हवाच. त्याचा बोर्डाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

सुरुवात लँगेबानपासून केली. ब्लूबर्गहून आर २७ रस्त्याने उत्तरेला तासाभराहून थोडं जास्त लागतं. या खाडीला एकही नदी येऊन मिळत नाही, पाणी सगळं समुद्राचंच, भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करणारं. शार्क बे या भागात ओहोटीला गुडघाभर पाण्यात लांबवर चालत जाता येतं. खाडी वेस्ट कोस्ट राष्ट्रीय उद्यानात मोडते, त्यामुळे काइटसाठी ठराविक पट्टेच मोकळे आहेत. पाण्यात उतरण्याआधी परवाना आणि हद्द दोन्ही नीट विचारून घ्या.

इथे ट्विन-टिपने मन जिंकलं, यात शंका नाही. सपाट पाणी, बेताचा वारा, फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाला लावलेली उभी पाती, जेमतेम ४-५ सेंमीचे. ओहोटीला पाणी अगदी उथळ झालं तेव्हाही मी आरामात फिरत होते. सर्फबोर्ड घेऊन गेले तर त्याचे फिन वाळूला घासले, बोर्ड जागीच थांबला आणि मी पुढे फेकली गेले. गुडघ्याला खरचटलं एवढंच, पण १०-११ सेंमीचे फिन घेऊन अशा पाण्यात जायचं तर भरतीची वेळ पाहूनच जावं.

खाडीत आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला फार मोलाची वाटते. वाऱ्याच्या वर चढण्यासाठी, म्हणजे वारा येतो त्या बाजूला सरकत जाण्यासाठी, बोर्ड लांब हवा असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सकाळच्या १५-१६ नॉटमध्ये १० च्या काइटवर तिन्ही बोर्ड आळीपाळीने चालवले. सगळ्यात लवकर पाण्यावर उठला आणि सगळ्यात सहज वर चढला तो ५ फूट २ इंचांचा आखूड बोर्ड. ५ फूट ८ चा मागे पडला. दोन्ही बोर्ड वाळूवर उलटे शेजारी ठेवले तेव्हा कारण दिसलं. आखूड बोर्डाचा तळ दोन पायांच्या मधे जवळजवळ सरळ होता, वाक फक्त नाकाला आणि शेपटीला. लांब बोर्डाचा तळ मात्र टोकापासून टोकापर्यंत केळ्यासारखा वाकलेला. शिवाय पायाखाली तो अडीच सेंमीने अरुंद. बोर्डाला पाण्यावर उचलते ती रुंदी आणि सपाटपणा, लांबी नव्हे. दुकानात बोर्ड बघताना तो सपाट फरशीवर उलटा ठेवून तळावर एक सरळ पट्टी धरा. पट्टी आणि तळ यांच्यात उजेड कुठून सुरू होतो, हे पाहिलं की निम्मा बोर्ड समजतो.

तिसऱ्या दिवशी ब्लूबर्गला आलो. समोर रॉबेन बेट, डावीकडे खाडीपलीकडे टेबल माउंटन आणि किनाऱ्यावर ओळीने लागलेले काइट. दर वर्षी उंच उड्यांची मोठी स्पर्धा भरते ती याच किनाऱ्यावर. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की वारा डाव्या हाताने येतो, जवळपास किनाऱ्याला समांतर. काइटसाठी ही उत्तम दिशा. पण बोर्डाच्या निवडीवर तिचा जो परिणाम होतो, तो मी जाण्याआधी कुठेच वाचला नव्हता.

वारा डावीकडून म्हणजे समुद्रात आत जाताना डावा पाय पुढे. लाट घेऊन किनाऱ्याकडे परतताना मात्र उजवा पाय पुढे हवा, तरच छाती लाटेकडे राहते. मी डावा पाय पुढे ठेवणारी. म्हणजे जाताना सगळं सुरळीत, आणि ज्या लाटेसाठी इतक्या लांब आले तिच्यावर मी उलट्या पायावर. ज्यांचा उजवा पाय सहज पुढे जातो त्यांच्यासाठी ब्लूबर्ग म्हणजे पर्वणी आहे. मित्र त्यातला, आणि पहिल्या तासाभरातच तो लाटेवर अशी वळणं घेऊ लागला की मी पाण्यात उभी राहून बघत राहिले.

ट्विन-टिप दोन्ही दिशांना चालतो, पाय बदलायची गरजच नाही. म्हणून आधी त्यावर लाटा घेतल्या. छोट्या लाटांवर मजा येते, पण ट्विन-टिप लाटेच्या ताकदीवर चालतच नाही. तो काइटच्या ओढीवर चालतो. काइटची ओढ कमी करून लाटेच्या भरवशावर राहायला गेलं की मागची कड रुतते आणि बोर्ड बसतो. शिवाय जास्त रॉकरचा, म्हणजे तळाला जास्त वाक असलेला, ट्विन-टिप खवळलेल्या पाण्यात मऊ चालतो, पण वाऱ्याच्या वर चढताना तोच आडवा येतो. सपाट तळाचा वेगात धावतो, पण अशा चॉपमध्ये, छोट्या तुटक लाटांत, गुडघ्यांना दणके देतो. फ्रीराइड, म्हणजे नुसतं मनसोक्त फिरणं, हेच मुख्य आणि लाट कधीमधी, असं असेल तर मध्यम रॉकरचा ट्विन-टिप बिनधास्त घ्या. लाट महत्त्वाची असेल तर डायरेक्शनलला पर्याय नाही.

मग ५ फूट ८. दोन दिवस मी याच बोर्डावर पाय बदलायचा प्रयत्न करत होते. कृती अशी: वारा पाठीशी घेऊन बोर्ड सपाट करायचा, काइट डोक्यावर, किंचित पुढे. मागचा पाय उचलून पुढच्याच्या शेजारी आणायचा आणि त्याच क्षणी पुढचा मागे न्यायचा. सांगायला सोपं आहे. माझा मागून आलेला पाय मात्र प्रत्येक वेळी निमुळत्या नाकाच्या कडेवर पडायचा, कड पाण्यात घुसायची आणि मी तोंडावर. त्यात पायात निओप्रीनचे बूट. गार पाण्यामुळे ते घातले होते, पण तळव्याला बोर्ड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच कळेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट काढून टाकले. बोटं बधिर झाली, तरी पाय जागेवर पडू लागला. स्ट्रॅपशिवाय (पाय अडकवायच्या पट्ट्यांशिवाय) शिकत असाल तर शक्यतो पातळ तळाचे बूट घ्या किंवा अनवाणी उतरा.

पाचव्या दिवशी ५ फूट २ हातात घेतला आणि पहिल्याच फेरीत पाय बदलला. रुंद नाकामुळे पाय ठेवायला जागा होती, एवढंच. मग परतीच्या वाटेवर कंबरेएवढी एक लाट मिळाली. उजवा पाय पुढे, काइट समोर वर, दोऱ्या थोड्या ढिल्या, आणि बोर्ड लाटेच्या उतारावरून स्वतःच्या बळावर घसरू लागला. काइटची ओढ हार्नेसवर, कमरेच्या पट्ट्यावर, जाणवतच नव्हती. बारा दिवसांतला तो क्षण माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

पण आखूड बोर्डाचीही मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर हा वृत्तांत अर्धा राहील. आठव्या दिवशी दूरच्या वादळाची लाट आली, डोक्याच्या बरीच वर. आखूड बोर्ड उतारावर वेग धरताच नाचू लागला. रुंद शेपटी पाणी सोडत होती आणि मला वळण अर्धवट टाकून बाहेर पडावं लागत होतं. त्या दिवशी ५ फूट ८ चा बोर्ड शांत होता. त्याची लांब कड उभ्या उतारावर घट्ट पकडत होती आणि निमुळती शेपटी पाण्यात बसत होती. दुसऱ्या दिवशी मित्राच्या सांगण्यावरून आखूड बोर्डाला बाजूचे थोडे मोठे फिन लावले. बराच फरक पडला. मोठ्या फिननी पकड येते आणि वर चढायला मदत होते. मधला फिन छोटा ठेवला की बोर्ड पुन्हा मोकळा वळतो. नवा बोर्ड घेण्याआधी फिनचा एक जास्तीचा संच घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते. अधूनमधून केल्पचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे, जाड पट्टे फिनमध्ये अडकतात, तेव्हा बोर्ड अचानक जड वाटला तर घाबरू नका. पाण्यात थांबून हाताने काढा.

तर फ्रीराइड आणि लाटा दोन्हीसाठी एकच बोर्ड म्हणाल, तर माझ्या वजनाला मी ५ फूट ३ किंवा ४ इंच घेईन आणि व्हॉल्यूम (बोर्डाचं घनफळ) २३ लिटरच्या आसपास. मित्राचं मत ५ फूट ६ आणि २६ लिटर. तळ पायांमधे सपाट आणि शेपटीकडे थोडा वाक, नाक रुंद पण अगदी चौकोनी नाही, मागची कड धारदार, तीन फिन. व्हॉल्यूमच्या आकड्यात फार अडकू नका. सर्फिंगमध्ये बोर्ड तुम्हाला तरंगवतो, इथे काइट तरंगवतो. लिटर जाणवतात ते वारा पडला आणि तुम्ही मंद होऊन बुडू लागलात तेव्हाच.

बांधणीकडे मात्र नीट बघा. ५ फूट ८ चा बोर्ड साधा, हलका, निव्वळ सर्फिंगसाठी बनवलेला होता. सहाव्या दिवशी दुपारी डेकवरून, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवरून, हात फिरवला तर मागच्या पायाच्या टाचेखाली वाटीएवढा खड्डा पडलेला. काइटवर आपण सतत टाचेने कड दाबून उभे असतो, त्यात उडी मारून उतरलं की सगळा भार त्याच दोन जागांवर येतो. खास काइटसाठी बनवलेल्या डायरेक्शनलमध्ये डेक तिथे मजबूत केलेला असतो. वजन थोडं वाढतं, पण बोर्ड टिकतो. जुना बोर्ड घेत असाल तर टाचांच्या जागी अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं किंवा चरचर आवाज आला तर घेऊ नका. स्ट्रॅपसाठी भोकं असलेलाच बोर्ड घ्या, पण सुरुवात स्ट्रॅपशिवाय करा. स्ट्रॅपमध्ये अडकलेला पाय बदलायला शिकणं जास्त अवघड जातं. मेणापेक्षा मला पूर्ण डेकभर पॅड बरं वाटलं, कारण उन्हात बोर्ड ठेवला की मेण वितळून बॅगेला लागतं.

आणि एक गोष्ट, जिच्यावर मी अडून राहीन. स्ट्रॅपशिवायचा बोर्ड पडल्यावर हातून सुटतोच. तो दोरीने अंगाला बांधू नका. ताणलेली दोरी बोर्ड परत डोक्यात मारते आणि त्यात लोक जबर जखमी झालेले आहेत. त्याऐवजी बोर्डाविना, नुसत्या अंगाने पाणी कापत वाऱ्याच्या वर जायला आधी शिका. ट्विन-टिपवर असतानाच, मुद्दाम बोर्ड सोडून, दहा-वीस वेळा करा. हे जमत नसेल तोवर डायरेक्शनल घ्यायची घाई नको. ब्लूबर्गला लाटा बोर्ड बहुधा किनाऱ्याला आणून टाकतात, पण गर्दीच्या दुपारी तो दुसऱ्या कुणाच्या वाटेत जातो. म्हणून नवखे असाल तर सकाळी लवकर उतरा, वारा हलका असताना.

प्रवासाचं थोडं. ट्विन-टिप काइटच्या बॅगेत सहज मावतो. डायरेक्शनल नेताना फिन काढा, नाक आणि शेपटी वेटसूटमध्ये गुंडाळा आणि कडेला मऊ कपडे भरा. जाताना मी कडा उघड्या ठेवल्या होत्या आणि सामानाच्या पट्ट्यावर बॅग आली तेव्हा ५ फूट ८ च्या कडेला बोटभर चीर होती. एक पूर्ण सकाळ ती चीर वाळवण्यात आणि रेझिनने भरण्यात गेली. छोटी रेझिनची ट्यूब, सँडपेपर आणि फिनची जास्तीची किल्ली बॅगेत असू द्या. चीर भरल्याशिवाय बोर्ड पाण्यात नेलात तर आतला फोम पाणी पितो आणि मग तो कधीच पूर्वीसारखा हलका होत नाही.

परतताना मैत्रिणीचा ५ फूट २ चा बोर्ड सगळ्यात आत, काइटच्या मधे ठेवला. तो तिला द्यायला गेले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, फिन का बदललेस? तिला त्या आठव्या दिवसाची लाट हातवारे करून दाखवली, आणि आता ते मोठे फिन तिच्याकडेच राहिले आहेत.