पायवाट कोणी पाडली?

दहावीला रसग्रहण शिकवताना मी पुस्तकाबाहेरची एखादी कविता मुद्दाम फळ्यावर लिहिते. गाईडमध्ये उत्तर नसलं की मुलं नाइलाजाने का होईना, ओळींकडे बघतात. त्या दिवशी बालकवींची 'औदुंबर' घेतली. जेमतेम आठ ओळी: झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, कुरणातून काळ्या डोहाकडे जाणारी पायवाट आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं औदुंबराचं झाड. आमची शाळा जळगाव जिल्ह्यातली, कवीचा जन्म इथल्याच धरणगावचा. म्हणून मुलांना जरा जास्तच आपुलकी.

माझं लिहून होतंय न होतंय तोच क्लासला जाणाऱ्या एका मुलाने सांगून टाकलं, "मॅडम, काळा डोह म्हणजे मृत्यू आणि औदुंबर म्हणजे विरक्त योगी."

"कशावरून?"

"कवी लवकर गेले ना."

गेले खरे. 1918 मध्ये, भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पण कविता त्याआधीची, तिला हे कुठून ठाऊक असणार? "कवितेतलं काय ते दाखव," मी म्हटलं. त्याने 'काळ्या डोहाकडे'वर बोट ठेवलं. ठीक. हा अर्थ जाणकारांनीही लावलाय, तो खोडायचं मला कारण नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एरवी हजेरीपुरतं बोलणारी मुलगी उठली. "मॅडम, पायवाट पांढरी लिहिलीय. रोज तुडवली तरच गवत मरून वाट अशी पांढरी पडते. चार घरांचं गाव, म्हणजे तीच माणसं रोज डोहावर जात असणार. पाणी भरायला."

अंगावर काटा आला माझ्या. गाव, कुरण, डोह या सगळ्यांना जोडणाऱ्या ओळीतच तिने माणसं शोधली होती. कवितेत एकही माणूस दिसत नाही, दिसते ती त्यांच्या पायांनी पडलेली वाट.

मुलगा सोडायला तयार नव्हता. "झरा वाहतोय की! मग डोहावर कशाला जातील?"

"उन्हाळ्यात झरा आटतो. डोहात पाणी राहतं," ती म्हणाली. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"पण कवितेत हिरवाळी आहे, हिरवी गर्दी आहे, हिरवी कुरणं आहेत. उन्हाळा कुठाय?"

आता तो क्लासच्या वहीतलं बोलत नव्हता, फळ्यावरचं वाचत होता. मला याचाच आनंद जास्त झाला. मी दोघांना आपापला अर्थ लिहून आणायला सांगितला, अट एकच: प्रत्येक वाक्यापुढे कवितेतली ओळ हवी. पुढचा तास विज्ञानाचा होता. सर दारात येऊन उभे राहिले तरी उन्हाळ्याचा वाद चालूच होता.