केव्हापासून?

माझ्याकडे नव्याने आलेल्या ज्युनिअरला परवा चवदार तळ्याचा निकाल वाचायला दिला. मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७. पोरगा हिरमुसून परत आला. "मॅडम, हा निकाल माणुसकीवर लागलेलाच नाही. पुराव्यावर लागलाय."

खरं आहे. अस्पृश्यांना तळ्यापासून लांब ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची, असा महाडच्या सवर्णांचा दावा होता. ती तेवढी जुनी आहे हे त्यांना शाबीत करता आलं नाही, म्हणून ते हरले. खंडपीठावर न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची सजा सुनावणारे, तेच.

मला मात्र निकालापेक्षा १९२७ चा डिसेंबर जास्त छळतो. मार्चमध्ये बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले. मग शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' करून झालं. (वर तेच पाणी प्यायचं!) डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर ऐनवेळी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, हा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा, म्हणजे सरकारी धोरण बाजूनेच होतं. माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आलेली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली आणि दोनच दिवसांनी त्याच बॅरिस्टरने लोकांना थांबायला सांगितलं. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही.

विद्यार्थी असताना मला हे कच खाणं वाटायचं. आता वाटतं, मनुस्मृतीविरुद्ध कोर्टात दाद नव्हती, मनाई हुकुमाविरुद्ध होती. सवर्णांचा तो दावा ते जवळजवळ दहा वर्षं लढले. पण दहा वर्षं पाण्याशिवाय कोण राहतं, हेही डोक्यातून जात नाही.

जात नाही, कारण माझाही एक मनाई हुकूम आहे. वकिलीची पहिलीच वर्षं. अशिलाच्या शेतातून वाडीवरच्या बायका विहिरीवर जायच्या. त्याला कुंपण घालायचं होतं. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर सलग वीस वर्षांचा वापर दाखवावा लागतो. त्यांची साक्षीदार पिंजऱ्यात आली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मी उलटतपास सुरू केला.

"या वाटेने केव्हापासून जाता?"

"माजं लगीन झालं तवापासून."

"लग्न कधी झालं?"

"मोठा पूर आला ना बाई, त्याच्या आदल्या साली."

"पूर कुठल्या साली आला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग न्यायाधीशांकडे. मी खाली बसले. वाट बरोबर की चूक, हे तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मीच हरकत घेतली असती.

दावा आम्ही जिंकलो. अशील फीसोबत पिशवीभर कडवे वाल ठेवून गेला. आईने ते भिजवले, मोड आणले, सोलले. मीही दोनदा वाढून घेतलं.

ज्युनिअरला परवा तीही फाईल काढून दिली. जबानीचं शेवटचं वाक्य, खाली अंगठा: 'माझे लग्न कोणत्या वर्षी झाले हे मी सांगू शकत नाही.'