काळं कुत्रं, पावसाळी उजेड

म्हापसा, जुलै

सकाळपासून पावसाची झड. अशा हवेत तैलरंग पातळच लावावा. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट दिवसांत ते रेंगाळतं, आणि खालचा थर ओला असताना वर प्राण्याचे केस रंगवायला घेतले की सगळा चिखल होतो. म्हणून पहिला थर बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये सैल केलेला. अळशीचं तेल वरच्या थरांत वाढवत न्यायचं. उलट केलं तर पुढे तडे जातात. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागून वारा मिळाला नाही तर बुरशी धरते.

इझलवर, म्हणजे चित्राच्या घोडीवर, काळं कुत्रं आहे. नुसत्या आयव्हरी ब्लॅक या तयार काळ्या रंगाने ते रंगवलं तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसेल. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर साधारण समसमान घेतले की खोल काळा मिळतो. निळा वाढवला की गार, अंबर वाढवला की उबदार. पाठीवर ढगाळ आभाळाचा निळसर करडा उजेड येतो. पोटाखाली आणि जबड्याखाली मात्र जांभ्या चिऱ्यांच्या पायरीवरून उलटून आलेला तांबूस उजेड असतो. तो गाळला तर हे कुत्रं गोव्याचं वाटणारच नाही.

चेहऱ्याची ओळख केसांत नसते, हाडांत असते. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने मेलेल्या घोड्यांचे स्नायू थराथराने उलगडून रेखाटनं केली, १७६६ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतला त्याच्या चित्रातला ‘व्हिसलजॅकेट’ नावाचा घोडा जवळपास खऱ्या घोड्याएवढा आहे. मागे झाड नाही, आभाळ नाही, तरी घोडा तोलून उभा आहे, कारण सगळा भार मागच्या पायांवर बरोबर उतरलाय. मागच्या पायाचा जो सांधा उलट्या गुडघ्यासारखा दिसतो, ती खरं तर घोड्याची टाच. एवढं मनात पक्कं असलं की निम्म्या चुका टळतात.

डोळ्यांत घाई नको. घोड्याची बाहुली आडवी लांबट, कुत्र्याची गोल. वरच्या पापणीची सावली डोळ्यावर पडते. ती राहिली तर प्राणी दचकलेला दिसतो. चमकेचा ठिपकाही शुभ्र नसावा. आजच्या उजेडात तो करडाच आहे, खिडकीच्या आकाराचा.

चित्रासाठी फोटो देताना लोक मोबाइल थेट प्राण्याच्या नाकाशी नेऊन काढतात, मग नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आठ-दहा फुटांवरून, झूम करून, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून काढलेला फोटोच मागून घ्यावा. फ्लॅश नकोच.

केस शेवटी, लांब केसांच्या बारीक ब्रशने. नाकाडावर ते नाकाकडून डोळ्यांकडे जातात, मानेवर खाली उतरतात. सगळीकडे काढायचे नाहीत. उजेड-सावली जिथे मिळते तिथे आणि कडांवर पुरे. त्याआधी कोपऱ्यात करंगळी टेकवून बघायची, रंग बोटाला आला तर अजून थांबायचं.